वेदी भिंतीपासून सुटली तेव्हा

पुण्यात कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, ते एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक्स. १८५० मध्ये आयरिश सैनिकांसाठी ते उभं राहिलं. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत झाल्यावर बिशपांचं आसन तिथे आलं. लांबट दालन, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला वेदी, हा घाट तेव्हा कोणी प्रश्नांकित केला नव्हता. पॅरिसजवळच्या ल राँसी इथे १९२३ मध्ये आरसीसी चर्च झालं, भिंतींच्या जागी रंगीत काचांच्या जाळ्या आल्या, तरी दालन लांबटच राहिलं.

वाद पेटला तो वेदीवरून. जुन्या चर्चमध्ये ती भिंतीला टेकलेली असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभे राहत. 'व्हॅटिकनच्या परिषदेने वेद्या फिरवायला लावल्या' असं सर्रास सांगतात. ही परिषद म्हणजे १९६२-६५ मध्ये भरलेली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा. पण तिच्या डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात धर्मगुरूंनी लोकांकडे तोंड करून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करावी, असं कुठेच नाही. सप्टेंबर १९६४ च्या अंमलबजावणी सूचनेत मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असलेली बरी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करता येईल, एवढंच म्हटलं. ही शिफारस होती. अनेक ठिकाणी तिचा हुकूम झाला आणि जुन्या संगमरवरी वेद्यांवर घण पडले. ही घाई समर्थनीय नव्हती.

शिवाय बदलाची सुरुवात परिषदेने केली असंही नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या कॅथलिक कॅथेड्रलच्या आराखड्याची स्पर्धा १९६० चीच, म्हणजे परिषद भरण्याआधीची. भाविक वेदीजवळ असावेत ही अट तिच्यात होतीच. निवडलेल्या आराखड्यात सुमारे ५९ मीटर व्यासाचं वर्तुळ, भोवती १६ काँक्रीट फासळ्या आणि वेदी बरोबर मध्ये. १९६७ मध्ये ते खुलं झालं आणि लवकरच ॲल्युमिनियमचं छत गळू लागलं, फासळ्यांवरच्या मोझॅक टाइल्स सुटू लागल्या. ऊन-थंडीत टाइल आणि काँक्रीट सारखं हलत नाहीत. मागे पाणी शिरलं की पकड सुटते. प्रकरण कोर्टात गेलं. वास्तुविशारदावर १३ लाख पौंडांचा दावा झाला. गोल आराखड्याची अडचण आणखी एक: वेदी खरोखर मध्यावर असेल तर धर्मगुरूंची पाठ कोणाकडे तरी येतेच.

ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया, तिथलं गोल कॅथेड्रलही १६ खांबांचं. त्यात जमिनीखालच्या अंधाऱ्या वाटेने शिरायचं आणि एकदम उजेडात यायचं.

अशा नव्या घाटाचं पुणेकरांना जवळचं उदाहरण दादरचं पोर्तुगीज चर्च. ते कॅथेड्रल नव्हे, पण १९७० च्या दशकात काँक्रीटच्या कवचांत नव्याने बांधलेलं. मधली अंगणं उघडी आणि गरम हवा वरून निघून जाते. पाहायला जाताना मिस्सेची वेळ टाळा. आधी बाजूच्या बाकावर बसून वेदी पाहा, मग तिच्या मागे जाऊन लोकांच्या जागा पाहा. शेवटी छत आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा तपासा. पांढरे ओघळ दिसले तर पाणी मुरतंय. तांबूस दिसले तर सळईपर्यंत पोचलंय.