सॉफ्टवेअरच्या साइटवर वाट सापडावी म्हणून : आम्ही काय करतो, तुमच्याकडून काय लागेल

मुक्त सॉफ्टवेअर चालवणाऱ्या समूहांच्या साइट नव्याने लावून देणे हे आमचे काम. अशी साइट एका बैठकीत उभी राहत नाही. भाषांतराचा गट आपले पान जोडतो, चाचणीचा गट आपले. काही वर्षांनी मेन्यू उघडला की समूहात कोणकोणते गट आहेत ते कळते, पण सॉफ्टवेअर कुठून उतरवून घ्यायचे ते कळत नाही.

साइटवर येणाऱ्याला तुमच्या गटांशी कर्तव्य नसते. त्याला डाउनलोड हवे असते, अडलेले काम सोडवायचे असते, नाहीतर हातभार लावायचा असतो. मेन्यू या गरजांवरूनच ठरावा, याबाबत आम्ही आग्रही आहोत. १९९३ पासून चालत आलेल्या डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या समूहानेही डिसेंबर २०२० मध्ये नवे होमपेज आणले आणि त्यात डाउनलोडला ठळक जागा दिली.

‘इतर’ आणि ‘अधिक माहिती’ ही नावे आम्ही मेन्यूत ठेवत नाही. जे कुठेच बसत नाही ते तिथे जाऊन पडते आणि मग कुणालाच सापडत नाही.

सर्वाधिक वेळ मदतीच्या पानांवर जातो. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरचेच बघा. देवनागरी मजकुराची भाषा ठरवायची तर सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावापाशी जावे लागते. मराठीत अर्ज टाइप करायला बसलेली व्यक्ती हे नाव कशाला शोधेल? ती सर्चमध्ये ‘मराठी’ टाकणार. म्हणून अशा पानाचे शीर्षक ‘मराठीत लिहिण्यासाठी सेटिंग’ असे हवे. सॉफ्टवेअरमधले नाव आत, पहिल्याच ओळीत. शिवाय शिकवणारे पान वेगळे आणि संदर्भाचे वेगळे. वेबसाइट बनवण्यासाठी प्रोग्रामर वापरतात त्या जँगोच्या मदतपानांत धडे, विषयवार विवेचन, संदर्भ आणि ‘हे कसे करावे’ असे चार भाग आहेत. नवशिक्याला धड्याच्या मधोमध सगळ्या पर्यायांची यादी दिली की तो तिथेच थांबतो.

रचना आम्ही आमच्या मनाने ठरवत नाही. प्रत्येक पानाचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहून तुमच्या वापरकर्त्यांपुढे ठेवतो. कुठल्या चिठ्ठ्या एकत्र ठेवायच्या आणि त्या गठ्ठ्याला काय म्हणायचे, ते त्यांनीच सांगायचे. मेन्यू तयार झाला की त्यांना नेमके काम देतो, ‘विंडोजसाठीची जुनी आवृत्ती शोधा’ असे, आणि पहिली क्लिक कुठे पडते ते बघतो. या वेळी समूहातल्या जाणत्यांनी शेजारी बसून वाट दाखवू नये, ही विनंती.

पानांचे जुने वेब-पत्ते मोडायचे नाहीत, ही आमची अट आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की चांगले पत्ते बदलत नसतात. तुमच्या पानांच्या लिंक लोकांच्या बुकमार्कमध्ये, दुसऱ्यांच्या लेखांत, छापील पुस्तकांतही असतात. पान हलले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय) लावतो आणि त्याची यादी तुमच्या हवाली करतो.

तुमच्याकडून लागेल ते असे: सगळ्या पानांची यादी, सर्चमध्ये लोक काय टाइप करतात त्याची नोंद असल्यास ती, चिठ्ठ्या लावायला पाच-सहा वापरकर्ते (त्यांत दोन तरी नवखे), आणि समूहाच्या वतीने अंतिम होकार देणारी एकच व्यक्ती. सर्व्हरचा पासवर्ड आम्हाला नको. बदल तुमच्याच स्वयंसेवकाच्या हातून चढवले जातील, आम्ही सोबत बसू.