कोसळलेला धावपटू आणि सलाइनची बाटली

मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडताच धावपटू कोसळला, की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘अरे, पाणी द्या त्याला!’ वैद्यकीय मदतीच्या तंबूतल्या डॉक्टरचा हातही सवयीने सलाइनकडे जातो. एखाद्या वेळी नेमकी हीच सवय जिवावर बेतू शकते.

2002च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला. कारण निघालं रक्तातलं सोडियम घटणं, आणि ते घटलं होतं अति द्रव पिण्याने. त्याच शर्यतीतल्या 488 धावपटूंचं रक्त संशोधकांनी तपासलं होतं. 13 टक्के जणांचं सोडियम कमी निघालं, तिघांचं तर धोकादायक पातळीवर. जास्त धोका कोणाला? धावून ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं त्यांना!

असं होतं कसं? दीर्घ श्रमांत शरीर पाणी राखून ठेवणारं संप्रेरक सोडतं, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत. त्यात धावपटू वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पेला रिकामा करत जातो. रक्त पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं आणि मेंदूला सूज येते. डोकेदुखी, उलट्या, असंबद्ध बडबड. वरवर पाहता उष्माघातच वाटावा! इथे साधं सलाइन चढवलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. लागतं ते 3 टक्के मिठाचं तीव्र सलाइन, साधारण 100 मिलिलिटर, तेही शक्यतो रक्तातलं सोडियम मोजून. गुदद्वारातून घेतलेलं तापमान 40 अंशांच्या वर असेल आणि भान हरपलं असेल तर मात्र तो उष्माघात. मग रुग्णालयाची वाट न बघता तिथेच बर्फाच्या पाण्यात बुडवायचं.

दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैद्यक संशोधक टिम नोक्स यांनी अति पाण्याचा हा धोका 1985मध्येच मांडला होता. तरीही ‘तहान लागण्याआधी प्या’ हा सल्ला पुढे कितीतरी वर्षं दिला गेला. त्या काळात पदवी घेतलेले डॉक्टर आजही रुग्ण तपासताहेत.

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी 5 वर्षांत व्याख्यानं-कार्यशाळांना हजर राहून 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. मागच्या रांगेत बसून, जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावूनही ते मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तंबूत सोडियम मोजायचं यंत्र हवं, थर्मामीटर काखेत लावून चालणार नाही, हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. जानेवारीत मुंबईत हजारो लोक धावतात, त्यांतले कितीतरी पहिल्यांदाच. हळू धावणाऱ्याला वाटेत प्यायला वेळही भरपूर मिळतो.