उभी चीर, आडवी वीण : बांबू, कागद आणि हौशी रॉकेट

बुरूड कळक कसा फोडतो ते एकदा जवळ बसून बघावे. कोयत्याचे पाते तो कळकाच्या तोंडावर टेकवतो, वरून एक ठोका देतो, आणि मग फारसा जोर लागतच नाही. चीर आपली आपण खाली धावते. प्रत्येक गाठीशी टच्च असा आवाज होतो आणि ती पुढच्या पेरात शिरते. हाच कळक आडवा तोडायचा म्हटला तर मात्र घाम निघतो.

रॉकेटच्या इतिहासातली एक मोठी अडचण याच चिरेत आहे. जगभरचे हौशी रॉकेट बनवणारे आज बांबूची नळी, तागाचे कापड, जवसाच्या खोडाचा धागा, बूच अशा वस्तू पुन्हा हातात घेताना दिसतात. बघणाऱ्याला तो विक्षिप्तपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. रॉकेट जन्मले तेच मुळी गवतात आणि कागदात. लोखंड नंतर आले.

बांबू म्हणजे निसर्गाने घडवलेले संमिश्र द्रव्य. सेल्युलोजचे चिवट तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे लिग्निन, अशी त्याची रचना असते. तंतूंची दाटी बाहेरच्या सालीकडे जास्त, पोकळीकडे कमी. म्हणजे वाऱ्यात वाकताना जिथे ताण जास्त येतो तिथेच बळ जास्त. पेरामधले हे तंतू जवळजवळ सगळे उभे असतात. रॉकेटच्या नळीत दारू पेटली की वायूचा दाब भिंतीला चहूकडून ढकलतो. बंद, पातळ भिंतीच्या नळीत परिघाच्या दिशेने येणारा ताण हा लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. जिथे दुप्पट बळ हवे तिथे बांबू कमजोर आणि जिथे निम्म्याने भागते तिथे तो बळकट. म्हणून दारू भरलेला बांबू फुटतो तो उभा, बुरडाच्या कोयत्याखाली फुटतो तसाच.

या उभ्या चिरेला आडवे काय घालायचे, याची उत्तरे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी निघाली.

सर्वांत हुशार उत्तरांपैकी एक चीनमधले आहे. तिथल्या जिन राजवटीच्या इतिहासात १२३३ सालच्या मंगोलांविरुद्धच्या लढाईत वापरलेल्या अग्निभाल्याचे वर्णन आहे. भाल्याला बांधलेली ती नळी सुमारे दोन फूट लांब आणि पिवळ्या कागदाचे १६ थर गुंडाळून केलेली होती. आत कोळसा, गंधक, लोखंडाचा चुरा असे मिश्रण. हे उडणारे रॉकेट नव्हे, भाल्याच्या टोकाशी ज्वाला ओकणारी नळी होती. पण त्या नोंदीतले एक वाक्य मला फार मोलाचे वाटते : दारू जळून संपली तरी नळीला इजा होत नसे. कागदाची नळी आणि आगीतून शाबूत! कारण कागदातले तंतू एकाच दिशेला नसतात, आणि गुंडाळलेला प्रत्येक थर नळीला आडवी मिठी मारतो. दिवाळीतल्या रॉकेटची नळीही अशीच कागद गुंडाळून होते. फक्त काडी बांबूची.

जपानमध्ये टोकियोच्या वायव्येला सायतामा प्रांतात चिचिबू नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या योशिदा गावी दर ऑक्टोबरात मुकू देवस्थानाच्या उत्सवात ‘र्‍यूसेई’ म्हणजे लाकडी रॉकेटे सोडतात. पाइनचा ओंडका उभा चिरून दोन फाका करायच्या, दोन्ही कोरून पोकळ करायच्या, पुन्हा जुळवायच्या आणि त्यांच्यावर बांबूच्या विणलेल्या कड्या ठोकून बसवायच्या. पिंपाला असतात तशा कड्या. मग आत काळी दारू घणाने ठासून भरायची. शेपटीला कित्येक मीटर लांबीचा अख्खा बांबू. गावात दारू बनवणारी अनेक घराणी आहेत आणि प्रत्येकाचे प्रमाण वेगळे. या कारागिरांनी लाकूड मुद्दाम आधीच चिरले, म्हणजे चीर कुठे जाणार हे त्यांच्या हातात राहिले, आणि आडवा ताण सगळा बांबूच्या कड्यांवर सोपवला. बांबू उभा वापरला की फाटतो. त्याच्याच कामट्या काढून वेढा घातला की तोच दोरखंडासारखे काम करतो. एकच झाड, एकच तंतू, फक्त दिशा बदललेली.

थायलंडच्या ईशान्येला ईसान भागात आणि शेजारच्या लाओसमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर ‘बुन बांग फाय’ साजरा होतो. आकाशातल्या फाया थेन या देवाला पावसाची आठवण करून द्यायची म्हणून ही रॉकेटे. यासोथोन हे त्यासाठी सर्वांत प्रसिद्ध गाव. तिथे रॉकेटचा आकार दारूच्या वजनावरून सांगतात : ‘मुएन’मध्ये १२ किलो, ‘सेन’मध्ये १२० किलो. ज्याचे रॉकेट उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. पूर्वी नळ्या बांबूच्या असत. पुढे धातूचे आणि पीव्हीसीचे पाइप आले, कारण १२० किलो दारू पोटात घेईल असा बांबू कुठे मिळायचा? पाइप आल्याने रॉकेटे मोठी झाली आणि फुटली तर होणारी इजाही. १९९९ साली यासोथोनमध्ये असे एक मोठे रॉकेट जमिनीपासून फार वर न जाता फुटले आणि माणसे दगावली.

आपल्याकडची गोष्ट शब्दापासूनच सुरू होते. मराठी कागदपत्रांत तोफा, जेजाला (लांब नळीच्या जड बंदुका) आणि सुतरनाळा (उंटावरच्या लहान तोफा) यांच्या जोडीला ‘बाण’ येतात. हे धनुष्याचे बाण नव्हेत, दारूचे. ते सोडणारा तो बाणदार. रॉकेटला ‘अग्निबाण’ म्हणताना आपण एक जुना, वापरातला शब्दच पुढे नेत असतो. अठराव्या शतकात हैदर अली आणि टिपू यांच्या म्हैसुरी सैन्याने नळी लोखंडाची केली, लांब बांबू मात्र मार्गदर्शक काठी म्हणून तसाच ठेवला. ही विभागणी मला अतिशय समंजस वाटते. दाब पेलायचे काम सगळ्या दिशांनी सारखाच बळकट असणाऱ्या लोखंडाकडे. हलके, सरळ आणि ताठ राहायचे काम बांबूकडे. दाब वाढला, पल्ला वाढला. १७८० साली कांचीपुरमजवळ पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना याचा तडाखा बसला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर असे बाण इंग्लंडला नेण्यात आले आणि काही वर्षांतच विल्यम काँग्रीव्हने त्यावरून आपली रॉकेटे बेतली. २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावी एका कोरड्या विहिरीत अशा हजारांहून जास्त लोखंडी नळ्या सापडल्या. त्यांच्या काठ्या जिथे सुटल्या तिथेच मातीला मिळाल्या असणार. संग्रहालयात त्यामुळे आपल्याला धातूच दिसतो आणि म्हैसुरी बाणाचा निम्मा भाग गवताचा होता हे विसरायला होते.

हौशी रॉकेटच्या बाबतीत धातूने मात्र घात केला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतली मुले घरातल्या तळघरांत लोखंडी पाइपात मिळेल ते ज्वालाग्राही द्रव्य आणखी जोमाने ठासू लागली. लोखंडी नळी फुटली की तिचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. बोटे गेली, डोळे गेले, जीवही गेले.

यावरचा तोडगा त्याआधीच तयार होता. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचे दुकान चालवणारे ऑरव्हिल कार्लाइल हे आतषबाजीचे जाणकार होते. १९५४ च्या सुमारास त्यांनी कागद आणि बाल्सा लाकडाचे एक लहान रॉकेट तयार केले. बदलता येणारी, आधीच भरलेली इंजिनाची नळकांडी आणि परत उतरण्यासाठी पॅराशूट, असे त्याचे स्वरूप. व्हाइट सँड्सच्या चाचणी केंद्रात काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ च्या सुरुवातीला मुलांच्या या धोकादायक प्रयोगांविषयी एका मासिकात लेख लिहिला. तो वाचून कार्लाइल यांनी आपली रॉकेटे त्यांना पाठवली. पुढे व्हर्न एस्टिस यांनी कागदी इंजिने बनवणारे यंत्र तयार केले आणि कोलोरॅडोतून हा छंद लाखो घरांत गेला. दारू मुलाने स्वतः भरायची नाही, आणि शंकू, नळी, पंख यांत धातू वापरायचा नाही, हे दोन नियम या छंदाचा पाया आहेत. कागद, लाकूड आणि हलके प्लास्टिक हे स्वस्त होते म्हणून आले असा समज आहे. स्वस्त होतेच. पण खरे कारण असे की झाडापासून आलेली वस्तू फुटते तेव्हा चिंधड्या होते, तिच्या गोळ्या होत नाहीत.

या रॉकेटची नळी हातात घेतली तर तिच्यावर तिरकी शिवण दिसते. तपकिरी क्राफ्ट कागदाची पट्टी तिरपी गुंडाळत, सरस लावत ती तयार होते. चिनी नळीचे १६ थर आणि चिचिबूच्या कड्या या दोन्हींचे काम ती एक तिरकी पट्टी करते. मोठ्या रॉकेटांच्या इंजिनांवर काचतंतू गुंडाळायचे तंत्र १९५० च्या दशकाच्या शेवटी आले. त्याचा मूळ विचार हाच.

पंखांची गोष्ट उलटी. तिथे दाब नसतो, वाऱ्याची थरथर असते. बाल्साचा पातळ पत्रा उजेडासमोर धरला तर त्याच्या रेषा स्पष्ट दिसतात. पंख कापताना या रेषा नळीपासून बाहेरच्या दिशेला, पुढच्या कडेला समांतर हव्यात. त्या नळीला समांतर राहिल्या तर जमिनीवर टेकताना पंख मुळाशी स्वच्छ मोडतो, बिस्किट मोडावे तसा. जाणते लोक पंखाच्या दोन्ही बाजूंना पातळ कागद सरसाने चिकटवतात. वजन नाममात्र वाढते, ताठपणा दिसण्याइतका वाढतो. हलका गाभा आणि दोन ताठ कातडी, हीच रचना १९४० साली उडालेल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाची होती : आत बाल्सा, दोन्हीकडे बर्चचे प्लायवूड. बाल्सा तर चंद्रापर्यंत गेला. १९६२ च्या तिन्ही अमेरिकन रेंजर यानांत भूकंपमापक कुपीभोवती धक्का शोषायला बाल्साचा गोळा बसवला होता आणि त्यांतले रेंजर ४ चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर आदळले.

जवसाच्या धाग्याचा इतिहासही असाच दबलेला आहे. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांनी जवसाचा धागा फिनॉलिक राळेत बुडवून ‘गॉर्डन एरोलाइट’ नावाचे द्रव्य केले. ॲल्युमिनियमची टंचाई होईल या धास्तीने त्यापासून स्पिटफायर विमानाचा प्रायोगिक सांगाडाही तयार झाला. टंचाई तेवढी झाली नाही आणि ते मागे पडले. मग काचतंतू आले, कार्बन आला.

आता हौशी मंडळी जवस आणि तागाकडे वळतात त्याला कारणे आहेत. हे धागे काचेपेक्षा खूप हलके असतात. घासताना काचेसारखी खाज सुटत नाही आणि कार्बनची बोचरी धूळ उडत नाही. शिवाय कार्बनची नळी रेडिओ लहरी अडवते, म्हणून आतले जीपीएस मुके होते. वनस्पतीची नळी लहरी जाऊ देते आणि शेतात हरवलेले रॉकेट सापडते. दोष म्हणजे पाणी. ताग ओल पितो आणि राळ त्याला नीट धरत नाही, म्हणून कापड आधी क्षाराच्या पाण्यातून काढून खडखडीत वाळवावे लागते. कोकणातल्या आषाढात हे काम हाती घेऊ नये. बांबूचे दुखणे वेगळे : त्यातल्या पिठूळ अंशाला कीड लागते. कळक अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असे आपले जुने लोक सांगत ते याच किडीच्या भीतीने.

भारतात परवान्याशिवाय दारू किंवा इंजिन बनवणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्यच आहे. त्यामुळे आपल्याकडची बहुतेक हौस पाण्याच्या रॉकेटवर भागते. तिथे दाब प्लास्टिकच्या बाटलीने पेलायचा. बाकी अंग, पंख, शंकू, पॅराशूटचा कप्पा, सगळे बांबूचे आणि कागदाचे करता येते. पातळ भिंतीचा वाळका बांबू घ्यावा, आतल्या गाठी तापवलेल्या सळईने काढाव्यात, शंकूजवळची एक मात्र राखावी, तीच तयार पडदी होते. साल थोडी खरवडून तागाची पट्टी राळेत भिजवून तिरपी गुंडाळावी, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि दोन्ही तोंडांशी सुतळीचे आडवे वेढे द्यावेत. उतरल्यावर नळी उजेडाकडे धरून आतून बघावी. केसाएवढी उभी रेघ दिसली तर ती पुन्हा उडवू नये.