गणिती चिन्हांची मापं: शिशापासून टेकपर्यंत

पवईच्या आयआयटीत प्रबंध लिहिणाऱ्यांकडून लाटेकबद्दल, म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीवर उभ्या असलेल्या साधनाबद्दल, एक तक्रार हमखास ऐकू येते: कंस एकतर अपूर्णांकाला पुरत नाही, नाहीतर एवढा वाढतो की ओळी फाकतात. तिचं मूळ संगणकाच्या आधीचं आहे.

छपाईचा खिळा, म्हणजे शिशात ओतलेलं अक्षर, ताणता येत नसे. 10 पॉइंटचा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या मापाचं एकक) साचा वेगळा, 7 पॉइंटचा वेगळा. चांगला कारागीर लहान मापाचं अक्षर कोरताना ते जरा रुंद धरी, रेघा जाडसर ठेवी, म्हणून घातांकातला 2 वाचता येई. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी मुंबईत देवनागरी खिळ्यांची कला फार वर नेली, पण गणित जुळवणं हे निराळंच काम. अपूर्णांकाची रेघ, वरखालच्या मर्यादा, आणि उरलेल्या प्रत्येक पोकळीत शिशाचे तुकडे बसवायचे. अर्थातच महाग.

स्वस्तातला मार्ग टाइपरायटरचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) गणितावरच्या जुन्या व्याख्यानमाला टंकलिखित निघत. यंत्राला माप एकच, त्यामुळे घातांकासाठी रोलर अर्धी ओळ फिरवायचा आणि इंटिग्रल शाईने हाती काढायचा. दिसायला ओबडधोबड, पण उंची मात्र हवी तेवढी!

1977 साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्याच ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. पहिली आवृत्ती मोनोटाइपवर, म्हणजे शिशाचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर, जुळवलेली होती. फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे शिशाऐवजी प्रकाशाने अक्षरं उमटवलेली, ही नवी पानं त्यांना पाहवेनात. त्यातून टेक जन्मलं. त्यांनी जुनी शिस्त सोडली नाही: मूळ मजकूर 10 पॉइंट, घातांक 7, घातांकाचा घातांक 5, आणि प्रत्येक मापाचा आकार स्वतंत्र आखलेला. कंसासाठी तयार मापांची उतरंड; तीही अपुरी पडली तर वरचं वळण, मधले सरळ तुकडे आणि खालचं वळण असा जोडकंस.

लेफ्ट-राइट आज्ञा दिली की टेक स्वतः माप निवडतं. कंसाने आतल्या मजकुराची निदान 90.1 टक्के उंची झाकावी आणि 5 पॉइंटांहून जास्त कमी पडू नये, हा नियम. मात्र ही उंची सूत्राच्या मधल्या आडव्या अक्षाच्या वर आणि खाली सारखी धरली जाते. बेरजेच्या चिन्हाखाली नुसती खालची मर्यादा लिहा, कंस वरही तेवढाच रिकामा चढतो. प्रबंधातले निम्मे अजागळ कंस यातलेच असावेत. अशा ठिकाणी बिग, बिग्ग वगैरे आज्ञांनी माप हाताने ठरवलेलं बरं. साध्या टेकमध्ये (प्लेन टेक) त्या 8.5 पासून 17.5 पॉइंटपर्यंत चार पायऱ्यांनी चढतात.

आणखी एक जुनं दुखणं म्हणजे बेरजेची आणि इंटिग्रलची मोठी चिन्हं. लाटेकच्या मूळ मांडणीत त्यांचा फाँट 10 पॉइंटवरच जखडलेला आहे. अक्षरं मोठी केली तरी ती तेवढीच राहतात. ती वाढवायला एक्सस्केल नावाचं पॅकेज जोडावं लागतं.