शू आवरली नाही, की हद्द आखली?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये कुत्र्याच्या पिल्लाने हॉलच्या मधोमध शूचं तळं केलंय. शेजारच्या घरात सोफ्याच्या पायावर चमचाभर ओघळ आणि दाराशी काढलेल्या पाहुण्यांच्या कोल्हापुरी चपलेवर दोन थेंब. दोन्ही घरांत तक्रार एकच: "ह्याला अजून वळण नाही." पहिल्या घरापुरतं ते खरं आहे. दुसऱ्या घरातला नर कुत्रा मात्र बाहेर व्यवस्थित मोकळा होऊन आलेला असतो. तो घरात हद्द आखतोय, म्हणजे शूच्या वासाने आपली खूण ठेवतोय.

ओळखायचं कसं? आधी किती केली आणि कुठे केली ते बघा. वळण नसलेलं पिल्लू खाली बसून सगळी पिशवी रिकामी करतं, बहुतेक वेळा सपाट फरशीवर. हद्द आखणारा उभी वस्तू शोधतो: दाराची चौकट, पडद्याची कड, गाडीचं चाक. बराच वेळ हुंगतो, टांग वर करतो, थोडंच सोडतो आणि पुढे जातो. हे साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, वयात येताना सुरू होतं. माद्याही करतात, विशेषतः माजाच्या काळात.

पिल्लाचा प्रश्न वेळेचा आहे. जितके महिने वय, त्यात एक मिळवा; तितके तास म्हणजे शू रोखून धरण्याची त्याची कमाल मर्यादा, आणि तीही ढोबळ. जागं असताना त्याच्या कितीतरी आधी न्यावं लागतं: झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर. नाक खाली घालून गोल फिरायला लागलं की उचला आणि बाहेर पळा. शू झाल्या झाल्या तिथेच खाऊ द्या. घरी आल्यावर दिलेला खाऊ त्याला घरी आल्याचा वाटतो.

खरी कसोटी जुलैत. कोल्हापूरचा पाऊस लागला की लोक बाल्कनीत पेपर अंथरतात. सोय होते, पण पायाखाली काय लागतं यावरून पिल्लू जागा ठरवतं. मग तेच पिल्लू उघडीप पडल्यावर अर्धा तास फिरून येतं आणि घरात शिरताच पेपर गाठतं. त्यापेक्षा छत्री घेऊन खाली उतरलेलं बरं.

हद्द आखणाऱ्याला चारदा जास्त फिरवून फारसा फरक पडत नाही. त्याला कशाने डिवचलं ते शोधा: नवं फर्निचर, नवा पाहुणा, बोळात आलेलं नवं कुत्रं. चपला रॅकमध्ये बंद करा, घरात एकटं मोकळं सोडू नका. नसबंदीने बऱ्याच नरांचं हे कमी होतं. सवय जुनी असेल तर खात्री नाही.

फरशी पुसण्याबाबत दोघांना नियम एकच. फिनेलने वास आपल्यापुरता झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला तो सापडतोच. लघवीतला वास मुळातूनच मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरा. आणि शूमध्ये नाक घासण्याचा तो जुना उपाय बंद करा. त्यातून कुत्रं एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर करायची नाही. मग ते पलंगाखाली करतं.

तुम्ही घरी येताच कान मागे टाकून, अंग चोरून शू करणारं पिल्लू या दोन्हींत बसत नाही. त्याच्यावर ओरडलात तर हे शू करणं आणखी वाढतं. पहिली दोन मिनिटं त्याच्याकडे बघूच नका.

वळण लागलेला मोठा कुत्रा अचानक घरात करू लागला, पाणी जास्त प्यायला लागला किंवा लघवीत रक्त दिसलं, तर थेट डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, काहीही असू शकतं. जाताना सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ डबीत धरून न्या.