मालवणचं पाणी: दूधबावीपासून धामापूरच्या तळ्यापर्यंत

शिमगा सरला की आमची आजी बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी चाखून बघायची. पहाटेची पहिली कळशी वर आली की ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, क्षणभर थांबायची आणि सांगायची, "गोडा आसा." एप्रिल संपता संपता एखाद्या दिवशी निकाल बदलायचा. "मचूळ लागता." मग त्या दिवसापासून बावीवर कपडे धुणं बंद, माडांना शिंपणं बंद. प्यायचं पाणी तेवढं पहाटे काढायचं, तेही चार कळश्यांच्या वर नाही. दोन-तीन दिवसांत पाणी पुन्हा जिभेला बरं लागायचं. घरात कुणी त्याचं कारण विचारत नसे, मीही विचारलं नाही. मालवणच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास चाळायला लागलो तेव्हा कळलं, की या किनाऱ्यावर पाण्याचं नियोजन म्हणून जे काही पिढ्यान्‌पिढ्या चाललं, त्याचं सार त्या ओंजळीत होतं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर त्याला इथली टंचाई खरीच वाटत नाही. पण हा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि जमीन जांभ्याची. जांभा दगड म्हणजे भोकाभोकांचा. पाणी भराभर पोटात घेतो आणि तितक्याच भराभर ओढ्या-वहाळांना देऊन टाकतो. उतार पश्चिमेला, नद्या आखूड, समुद्र हाकेच्या अंतरावर. जूनमध्ये दारात आलेलं पाणी दिवाळीपर्यंत अरबी समुद्रात गेलेलं असतं. नदीच्या मुखाशी जावं तर भरतीचं खारं पाणी आत घुसलेलं. म्हणून इथल्या गावांनी पाणी दोनच ठिकाणी शोधलं: पायाखालच्या बावीत, नाहीतर मागच्या डोंगरात बांध घालून.

आधी बाव. मालवणच्या किल्ल्यात, म्हणजे कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात, तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधल्या ४८ एकरांत गोड पाणी. बघायला येणाऱ्यांना तो चमत्कार वाटतो. गाईडही तसंच सांगतात. मला मात्र त्यात मोठी दूरदृष्टी दिसते. जागा हेरताना खडक किती भक्कम, खाडी कुठे, शत्रूची जहाजं किती जवळ येऊ शकतील, हे सगळं बघितलं असणारच. पण गोडं पाणी नसतं तर ती तटबंदी काही कामाची नव्हती.

खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी टिकतं कसं, याचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन नावाच्या डच अभियंत्याने मांडला आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मनाने पुन्हा मांडला. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. म्हणून जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर सपाटीच्या खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडं पाणी सापडावं, असं ते प्रमाण. हे रेतीत बरंच नेमकं लागू पडतं, जांभ्याच्या भेगांत कमी-जास्त होतं. पण या हिशेबाची उलटी बाजू किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. उपसा करून वरची पातळी अर्धा फूट खाली नेली, की कालांतराने खालचं खारं पाणी २० फूट वर सरकतं. थोडी विश्रांती दिली तर पावसाचं उरलेलं पाणी आजूबाजूने सरकत येऊन बावीखालची फुगलेली खारट पातळी दाबून धरतं. आजी चार कळश्यांवर थांबायची ती याच कारणाने, तिला गायबेन ठाऊक नसला तरी.

आता डोंगरातला बांध. मालवणहून कुडाळच्या वाटेवर पंधरा-सोळा किलोमीटरवर धामापूर लागतं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये इथे तळं बांधलं. बांध मातीचा, सुमारे ११ मीटर उंच आणि २७१ मीटर लांब. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती गर्द झाडी. तळं बांधलं ते धामापूर आणि काळसे या गावांच्या शेतीसाठी, भात आणि सुपारीच्या बागांसाठी. मालवण शहराचा तेव्हा त्यात काही संबंध नव्हता. तळ्याबद्दल एक गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. घरात लग्नकार्य निघालं आणि दागिने नसले, तर परडीत फुलं ठेवून ती तळ्यात सोडायची, देवी दागिने द्यायची. कार्य झालं की ते परत करायचे. एकाने परत केले नाहीत आणि ती रीत बंद पडली. पाण्याच्या काठी सांगितलेली ही गोष्ट सोन्याची आहे असं मला कधी वाटलं नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निस्सारण आयोगाने धामापूरच्या तळ्याचा जागतिक वारसा सिंचन स्थळांत समावेश केला. जवळजवळ पाचशे वर्षांचा मातीचा बांध आजही पाणी धरून आहे, ही साधी गोष्ट नव्हे.

१८१२ मध्ये कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांना दिलं. बंदर म्हणून गाव वाढलं, पाणी मात्र बावीचंच राहिलं. याच काळात मुंबईत वेगळं काही घडत होतं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईला नळाने मिळू लागलं. पुढे गिरणगावात राहिलेल्या मालवणी माणसाला चाळीत नळ मिळाला, भले तो तासभर येणारा आणि सार्वजनिक असेल. गावी त्याची आई रहाट ओढत होती. मनीऑर्डरीबरोबर गावात नळाची ओढही याच वाटेने आली असावी, असं मला वाटतं. सुट्टीत आलेले चाकरमानी बावीवर अंघोळ करता करता मुंबईच्या नळाच्या गोष्टी सांगत, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

बदलाचा खरा टप्पा नळाच्या आधी आला, तो पंपाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने जमिनीखालच्या पाण्याकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच साली सुरू झाली, गावोगावी विंधणविहिरी खोदल्या गेल्या. देशावर त्याने लोक जगले. किनाऱ्यावर त्याचा दुसरा परिणाम झाला. रहाटाने दिवसभरात जेवढं पाणी निघायचं, तेवढं विजेचा पंप काही मिनिटांत काढतो, आणि पंपाला पाण्याची चव कळत नाही. टाकी भरेपर्यंत तो चालू. एकाच वाडीतल्या दहा घरांचे दहा पंप म्हणजे गोड्या पाण्याच्या त्या पातळ थरावर एकाच वेळी दहा नळ्या. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई केली. पण अंगणात आधीपासून असलेल्या घरगुती बावीवर बसणाऱ्या पंपाला ती मनाई लागू पडत नव्हती.

मग शहराची तहान धामापूरकडे वळली. तळ्याचं पाणी नळाने मालवणात येऊ लागलं आणि शेतीसाठी बांधलेलं तळं एका नगरपालिकेचा आधार झालं. कागदावरची चौकटही त्याच सुमाराच्या दोन-अडीच दशकांत उभी राहिली: १९७६ च्या कायद्याने राज्याचं पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ (१९९७ पासून त्याचं नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण), आणि १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवलेला पाण्याचा विषय.

अशी योजना आखताना पहिला प्रश्न असतो माणसं किती. मालवण शहराची लोकसंख्या २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत साडेअठरा हजारांच्या आसपास होती, दहा वर्षांत जवळपास वाढलीच नाही. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेनुसार भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर धरायचे, गटार नसेल तर ७० लिटर. १३५ ने गुणलं तर रोज २५ लाख लिटर. जलवाहिनीतली गळती १५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असंही तीच पुस्तिका सांगते. तीही धरली तर तळ्यावरून रोज ३० लाख लिटरच्या आसपास पाणी उचलावं लागेल. लोकसंख्या स्थिर, पुढच्या तीस वर्षांची योजना, सगळं सरळ दिसतं.

पण मालवण जनगणनेच्या रात्री जेवढं असतं तेवढं मे महिन्यात नसतं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीच्या नव्या विमानतळावर विमान उतरलं. तारकर्ली, देवबाग, चिवला, दांडी, जिथे रेती दिसते तिथे खोल्या उभ्या राहिल्या. याच नियमपुस्तिकेत साध्या हॉटेलच्या एका खाटेमागे रोज १८० लिटर धरलेले आहेत, म्हणजे घरच्या माणसापेक्षा पाहुण्याला जास्त. समजा शहरात ५००० खाटा भरल्या, तर रोजची गरज ९ लाख लिटरने वाढली, शहराच्या स्वतःच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आणि ही वाढ येते ती नेमकी अशा आठवड्यांत, जेव्हा तळं खाली गेलेलं असतं, उन्हाने वाफ होत असते, बाव मचूळ झालेली असते आणि काळशातल्या बागायतदारालाही पाणी हवं असतं. शहरासाठी वर्षाची सरासरी काढणं म्हणूनच फसवं आहे. किनाऱ्यावरच्या गावाची योजना मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यासाठी आखायला हवी. बाकीचे अकरा महिने आपोआप सांभाळले जातात.

दुसरी गोष्ट जिवाला लागते ती अशी, की नळ आला आणि बावी हिशेबातून गेल्या. काहींत कचरा टाकला गेला, काही बुजवल्या, काहींच्या शेजारी सहा-सात हातांवर शौचालयाचा शोषखड्डा खोदला गेला. रेतीतून आणि जांभ्यातून पाणी चटकन मुरतं, तसा मैलाही मुरतो. ज्या वाडीत भुयारी गटार नाही तिथे नळाचं पाणी वाढवणं म्हणजे शोषखड्ड्यात जाणारं सांडपाणी वाढवणं, आणि ते शेवटी शेजारच्या बावीत उतरतं. पाणी आणि गटार या दोन योजना वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या तरी जमिनीखाली त्या एकच असतात. बावीतलं पाणी दर आठवड्याला मोजायचं, त्याचा खारटपणा तपासायचा, पाऊस उतरताच वाडीतल्या वहाळांवर वनराई बंधारे, म्हणजे माती-रेतीने भरलेल्या पोत्यांचे बांध, घालायचे, ही कामं नळयोजनेच्या मानाने किरकोळ खर्चाची आहेत. ती योजनेचाच भाग म्हणून लिहिली गेली पाहिजेत, असं मी आग्रहाने म्हणतो.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड आणि विजेचे खांब शेकड्यांनी आडवे झाले, वीज कित्येक दिवस नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळ कोरडा, पंधरा-सोळा किलोमीटरवर तळ्यात पाणी असूनही. आमच्या वाडीत जुन्या घरची बाव तेवढी वापरती होती. तिचा रहाट कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेला, लाकडं कधीच जळणात गेलेली. कुणीतरी होडीचा दोर आणला, त्याला स्टीलची बादली बांधली. जांभ्याच्या कठड्यावर जुन्या दोरांनी पाडलेले चर होते, बोटभर खोल. नवा दोर आपोआप त्याच चरात बसला. रांगेत सगळ्यात पुढे एक म्हातारी होती. पहिली बादली वर आली तशी तिने ओंजळ भरली, तोंडात धरली, आणि सगळे तिच्याकडे बघत थांबले.