कमानीतली शिंगे मारलेल्या एल्कची नाहीत

अमेरिकेतल्या वायोमिंगमधील जॅक्सन गावच्या चौकात शिंगांच्या चार भल्यामोठ्या कमानी आहेत. त्यांचा फोटो आला की ‘एवढी हरणं मारली!’ अशी हळहळ ठरलेली. हा समज चुकीचा आहे.

एल्क हे सांबराच्या कुळातलं मोठं हरीण. ताडोबातल्या सांबरासारखीच नराची शिंगं दरवर्षी आपोआप गळतात; कमानीत तीच आहेत. गळलेल्या शिंगाचं बूड जवळून पाहा: खरबरीत, किंचित फुगीर आणि कवटीचा तुकडा नसलेलं. गावाला लागूनच १९१२ साली स्थापन झालेलं नॅशनल एल्क रेफ्यूज, म्हणजे एल्कसाठी राखलेलं अभयारण्य आहे. तिथे हिवाळ्यात हजारो एल्क उतरतात आणि पर्यटक घोड्यांच्या घसरगाडीतून त्यांच्या अगदी जवळ जातात. वसंतात बॉय स्काउटची मुलं शिंगं गोळा करतात, मे महिन्यात लिलाव होतो आणि त्यातला मोठा वाटा रेफ्यूजलाच मिळतो. पर्यटकाने मात्र तिथलं एकही शिंग उचलायचं नाही, तो गुन्हा आहे.

शिकार होत नाही का? होते, शरद ऋतूत, परवाना घेऊन, ठरलेल्या भागातच. कळप फार वाढला तर चारा संपतो, गर्दीत रोग पसरतो. पटो न पटो, शिकारीचं कारण हे आहे; कमानी नव्हेत.